प्रतिकारशक्ती कमी की जास्त? आमवाताचं इंजेक्शन, टीबीची तपासणी आणि पेशींचे आपसातले निरोप

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे हे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. आईंचं वय ५६. काही वर्षांपासून आमवात, म्हणजे रूमॅटॉइड आर्थ्रायटिस. मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं नेहमीचं औषध पुरेशा डोसमध्ये घेऊनही बोटांची आणि मनगटांची सूज उतरत नाही. आता डॉक्टरांनी टीएनएफ-विरोधी इंजेक्शन (टीएनएफ म्हणजे पेशी एकमेकींना पाठवतात तो दाहाचा एक रसायनरूपी निरोप) सुचवलंय, पण त्याआधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी करून आणायला सांगितलीय. तुमचं म्हणणं असं की, 'एकदा सांगतात आईची प्रतिकारशक्ती जास्त झालीय म्हणून ती दाबायची, लगेच दुसऱ्या वाक्यात सांगतात टीबी उठू शकतो, जपा. मग तिची प्रतिकारशक्ती जास्त आहे की कमी? आणि ती रोज गुळवेलीचा काढा घेते, तो चालू ठेवायचा का?'

दोन्ही वाक्यं बरोबर आहेत. ती एकमेकांना छेद देतात असं वाटतं, कारण आपण प्रतिकारशक्तीकडे टाकीतल्या पाण्यासारखं बघतो: पातळी वर गेली की जास्त, खाली आली की कमी. याला आम्ही डॉक्टरच जबाबदार आहोत. बाहेर रांग लागलेली असते आणि 'तुमची इम्युनिटी जास्त झालीय' हे वाक्य पाच सेकंदांत बोलून होतं. प्रत्यक्षात विचारायला हवं ते हे: कोणती पेशी कोणत्या पेशीला काय सांगतेय, आणि आपण देणार ते औषध त्यातला नेमका कोणता निरोप अडवणार?

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. आईंना मी तपासलेलं नाही. मधुमेह आहे का, यकृत कसं आहे, त्यांना किंवा घरात कोणाला पूर्वी टीबी झाला होता का, सध्या स्टेरॉइडची गोळी चालू आहे का, यावर पुढचं बरंच काही बदलेल. निर्णय त्यांच्या डॉक्टरांचाच. मी त्यामागचं कारण सांगतेय.

संरक्षणाचं काम करणाऱ्या पेशींच्या अनेक जाती आहेत आणि त्यातली जवळजवळ कोणतीच एकटीच्या बळावर फार काही करत नाही. याचा सगळ्यात कठोर पुरावा म्हणजे एचआयव्ही. हा विषाणू मुख्यतः सीडी४ टी पेशी संपवतो. या पेशी स्वतः जंतू गिळत नाहीत की प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार करत नाहीत. गिळणाऱ्या पेशी जागच्या जागी असतात, प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशीही असतात, तरी माणूस टीबीने आणि बुरशीने आजारी पडतो, कारण त्या सगळ्यांना 'आता करा' असं सांगणारं कोणी उरत नाही. गंमत पुढे आहे. एचआयव्हीची औषधं सुरू झाली, टी पेशी परत आल्या की काही रुग्णांमध्ये लपलेल्या टीबीच्या गाठी एकदम सुजतात, ताप चढतो, नातेवाईक म्हणतात औषधाने उलट बिघडलं. प्रत्यक्षात तो बराचसा त्रास जंतू वाढल्यामुळे होत नाही. थांबलेले निरोप पुन्हा सुरू झाल्यामुळे होतो.

आता टीबीच घेऊ. तुमच्या प्रश्नाची किल्ली तिथेच आहे, म्हणून इथे जरा सावकाश जाते.

टीबीचा जंतू श्वासावाटे फुप्फुसाच्या वायुकोशात पोचतो. तिथे मॅक्रोफेज नावाच्या पेशी असतात, भक्षक पेशी म्हणा. त्या जंतूला गिळतात, पण पचवू शकत नाहीत. हा जंतू त्यांच्या पोटात आरामात राहतो आणि वाढतो. दरम्यान डेन्ड्रिटिक पेशी जंतूचे तुकडे घेऊन जवळच्या लसिका ग्रंथीत जातात आणि तिथल्या टी पेशींना ते दाखवतात. नुसतं दाखवून भागत नाही. टी पेशीला दोन गोष्टी एकाच वेळी मिळाव्या लागतात: आपल्याला ओळखू येणारा तुकडा, आणि त्याच्या जोडीला डेन्ड्रिटिक पेशीच्या पृष्ठभागावरचा 'हे खरंच धोक्याचं आहे' असं सांगणारा दुसरा रेणू. दुसरा संकेत नसेल तर टी पेशी पेटून उठत नाही, उलट निपचित पडते. शिवाय डेन्ड्रिटिक पेशी आणि मॅक्रोफेज इंटरल्यूकिन-१२ हा रसायनरूपी निरोप सोडतात आणि त्यामुळे टी पेशी कोणत्या प्रकारची व्हायची ते ठरतं. टीबीसाठी हवी ती जात म्हणजे टीएच-१.

या टीएच-१ पेशी वाढून फुप्फुसात परत येतात. माणसात या सगळ्याला काही आठवडे लागतात. म्हणूनच लागण झाल्यावर मॅन्टू ही टीबीची त्वचेवरची चाचणी पॉझिटिव्ह व्हायला दोन ते आठ आठवडे जातात. परत आलेली टी पेशी मॅक्रोफेजला इंटरफेरॉन-गॅमा देते. आता मॅक्रोफेज बदलतो, गिळलेल्या जंतूला मारण्याची यंत्रणा त्याच्यात सुरू होते. आणि तो टीएनएफ सोडतो. टीएनएफ आणखी पेशींना बोलावतो, त्यांना एकमेकींना धरून ठेवायला लावतो, आणि जंतूंभोवती ग्रॅन्युलोमा नावाची घट्ट गाठ तयार होते. बहुतेक लोकांत जंतू तिथेच वर्षानुवर्षं अडकून पडतो. त्याला आपण सुप्त टीबी म्हणतो. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पंधरा वर्षांवरच्या भारतीयांपैकी जवळजवळ एक तृतीयांश लोकांत टीबीच्या लागणीची खूण सापडली होती. यातल्या बहुतेकांना आयुष्यात कधी टीबीचा आजार होत नाही, कारण हा संवाद अखंड चालू असतो.

हा संवाद किती नेमका आहे ते काही दुर्मीळ मुलांकडे बघून कळतं. त्यांच्यात जन्मतःच इंटरल्यूकिन-१२ किंवा इंटरफेरॉन-गॅमाचा निरोप ऐकणारा रेणू सदोष असतो. आपल्याकडे प्रत्येक बाळाला देतात ती बीसीजीची लससुद्धा अशा मुलांच्या अंगभर पसरू शकते. पण त्यांना सगळेच आजार होत नाहीत. बऱ्याच विषाणूंशी ती व्यवस्थित लढतात. एक निरोप तुटला की एका ठरावीक गटाच्या जंतूंना दार उघडं होतं, बाकीची दारं बंदच राहतात. पुढे औषधांबद्दल बोलू तेव्हा हे लक्षात असू द्या.

मग टीएनएफ जितका जास्त तितकं बरं? तेही नाही. ललिता रामकृष्णन यांच्या गटाने झेब्राफिश माशांमध्ये टीबीच्या भाऊबंद जंतूवर काम करून २०१३ मध्ये दाखवलं की टीएनएफ कमी पडला तर मॅक्रोफेज जंतूला आवरू शकत नाही, आणि फार झाला तर मॅक्रोफेज स्वतःच फुटून मरतो आणि जंतू बाहेर मोकळे होतात. एकच निरोप, कमी पडला तरी जंतूचा फायदा आणि अती झाला तरी जंतूचाच फायदा.

इथपर्यंत एकमेकांना चेतवणाऱ्या पेशींबद्दल बोलले. आवरणाऱ्या पेशींची गोष्ट मला स्वतःला जास्त आवडते.

१९६० च्या दशकाच्या शेवटी जपानी शास्त्रज्ञांनी नवजात उंदरांची थायमस ग्रंथी जन्मानंतर तिसऱ्या दिवशी काढून टाकली. टी पेशी थायमसमध्ये तयार होतात. म्हणजे प्रतिकार कमी व्हायला हवा होता. त्या उंदरांच्या शरीराने स्वतःच्याच अवयवांवर हल्ला केला. शिमोन साकागुची यांनी पुढे हाच धागा पकडला: निरोगी उंदराच्या टी पेशी दिल्या की हल्ला थांबतो, तेव्हा टी पेशींमध्येच आवर घालणारी एक जात असली पाहिजे. १९९५ मध्ये त्यांनी ती ओळखून दाखवली. २००१ मध्ये मेरी ब्रंकॉ आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी एका आजारी उंदीरवंशात फॉक्स-पी-३ हे जनुक शोधलं. ते जनुक बिघडलं की या नियामक टी पेशी घडतच नाहीत. माणसात हे जनुक बिघडलेल्या मुलग्यांना तान्हेपणीच मधुमेह, न थांबणारे जुलाब आणि त्वचेचा दाह होतो. २०२५ चं वैद्यकाचं नोबेल या तिघांना मिळालं.

या नियामक पेशी काम कशा करतात? डेन्ड्रिटिक पेशीवरचा जो दुसरा संकेत मी वर सांगितला, तो त्या आपल्या सीटीएलए-४ या रेणूने अक्षरशः ओढून काढून गिळतात. मग इतर टी पेशींना चेतवायला डेन्ड्रिटिक पेशीकडे काही उरत नाही. शिवाय इंटरल्यूकिन-१० सारखे शांत करणारे निरोप त्या सोडतात, आणि इंटरल्यूकिन-२ पिऊन टाकतात. या इंटरल्यूकिन-२ ची कथा तर प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याला चकवते. त्याची ओळख टी पेशींना वाढवणारं रसायन म्हणून झाली. ज्या उंदरांमध्ये ते अजिबात नाही ते जंतुसंसर्गाने मरतील अशी अपेक्षा होती. त्यांना स्वप्रतिरोधी आजार, म्हणजे शरीर स्वतःवरच हल्ला करतं असे आजार, झाले, कारण नियामक पेशींना जगण्यासाठी त्याची गरज सगळ्यात जास्त असते. 'वाढवणारं' रसायन काढून घेतल्यावर दाह वाढला! टाकी आणि पातळी या हिशेबात हे बसवून दाखवा.

आवरण्याचं काम फक्त याच पेशी करतात असंही नाही. जखमेत किंवा न्यूमोनियात पहिल्यांदा धावून येणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी अल्पायुषी असतात. काम झालं की त्या मरतात, मॅक्रोफेज त्यांना गिळतात, आणि गिळल्यानंतर तोच मॅक्रोफेज दाह शमवणारे निरोप सोडायला लागतो. म्हणजे लढाई संपल्याची खबर मेलेल्या पेशींकडूनच मिळते.

आता आईंच्या सांध्याकडे येऊ. सांध्याचं अस्तर एरवी पेशींच्या एकदोन थरांचं, पातळ असतं. आमवातात तिथे टी पेशी, बी पेशी, मॅक्रोफेज गर्दी करतात आणि अस्तराच्या मूळ पेशीही त्यांच्या नादाला लागतात. बी पेशी सीसीपी-विरोधी प्रतिपिंडं बनवतात. तुमच्या फाइलमध्ये 'अँटी-सीसीपी' असा रिपोर्ट असेल, तो त्याचाच. ही प्रतिपिंडं कित्येकदा सांधे दुखायला लागण्याच्या काही वर्षं आधीपासून रक्तात असतात. टी पेशी बी पेशींना मदत करतात, बी पेशी उलट टी पेशींना तुकडे दाखवतात, मॅक्रोफेज टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-६ सोडतात. इंटरल्यूकिन-६ यकृतात पोचून सीआरपी, म्हणजे रक्ततपासणीत दाह दाखवणारं प्रथिन, बनवायला लावतं, रक्तातलं लोह अडकवून ठेवतं, म्हणून हिमोग्लोबिन उतरतं. थकवा त्यातूनच. हाडं पोखरणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशीही मॅक्रोफेजच्याच कुळातल्या, त्यांनाही याच संवादातून हुकूम मिळतो. एक्स-रेमध्ये हाडाला पडलेले जे खड्डे दिसतात ते त्यांचे.

इतक्या गोंगाटात एक निरोप अडवून काय होणार, असं १९८० च्या दशकात बहुतेकांना वाटायचं. लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांच्या गटाने आमवाताच्या रुग्णांच्या सांध्यातल्या पेशी काचपात्रात वाढवल्या आणि फक्त टीएनएफ अडवला. त्याबरोबर इंटरल्यूकिन-१ हा दाहाचा दुसरा निरोपसुद्धा खाली आला. १९८९ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. निरोपांना क्रम होता आणि टीएनएफ वरच्या पायरीवर होता. १९९२ मध्ये पहिल्या रुग्णांना टीएनएफ-विरोधी प्रतिपिंड दिलं गेलं, आणि आमवाताच्या उपचारांचं चित्र पालटलं. आईंना सुचवलेलं इंजेक्शन याच घराण्यातलं आहे.

आता दोन तुकडे जोडा. सांध्यात मॅक्रोफेजचा टीएनएफ नको तिथे बोलतोय. फुप्फुसात, जर सुप्त टीबी असेल तर, मॅक्रोफेजचाच टीएनएफ गाठ बांधून ठेवतोय. इंजेक्शनला सांधा आणि फुप्फुस यातला फरक कळत नाही. २००१ मध्ये इन्फ्लिक्सिमॅब हे टीएनएफ-विरोधी औषध घेतलेल्या रुग्णांमधल्या टीबीच्या ७० नोंदींचा अहवाल आला. त्यातल्या ४८ जणांना तीन किंवा त्याहून कमी डोसांनंतरच टीबी उठला होता, आणि ४० जणांचा टीबी फुप्फुसाबाहेर होता. एवढ्या लवकर आणि एवढा विखुरलेला, हे बंद गाठ सुटल्याचं लक्षण. तेव्हापासून ही औषधं देण्याआधी टीबी तपासणं हा जगभरचा नियम झाला. आपल्याकडे तर तो दुप्पट काळजीने पाळायला हवा.

म्हणजे आईंच्या डॉक्टरांची दोन्ही वाक्यं एकाच रेणूबद्दल होती. तो एका जागी घातक आहे आणि दुसऱ्या जागी राखण करतोय.

हाच हिशेब इतर औषधांना लावला की त्यांचे धोके पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप सुचतात. रिटुक्सिमॅब बी पेशी काढून टाकतं. त्यात टीबीची धास्ती तुलनेने कमी, पण यकृतात दडलेला हेपटायटिस बी उठू शकतो म्हणून ती तपासणी सक्तीची. ते घेतल्यावर काही महिने लशींना प्रतिसाद फिका मिळतो, हे कोविडच्या काळात आम्ही सगळ्यांनी पाहिलं. प्रतिपिंडं ओतणाऱ्या पक्व प्लाझ्मा पेशींना हे औषध धक्का लावत नाही, तरी बऱ्याच जणांचे सांधे सुधारतात. त्यावरून कळतं की बी पेशीचं टी पेशीशी बोलणंही प्रतिपिंडांइतकंच महत्त्वाचं होतं. टोसिलिझुमॅब इंटरल्यूकिन-६ चा निरोप अडवतं. त्याची खोच अशी की त्यावर असलेल्या रुग्णाला न्यूमोनिया झाला तरी सीआरपी साळसूदपणे नॉर्मल येऊ शकतो, कारण यकृताला तो बनवायचा निरोपच पोचत नाही. अशा रुग्णाचा रिपोर्ट बघून 'इन्फेक्शन नाही' म्हणणं धोक्याचं, हे मी निवासी डॉक्टरांना पुन्हा पुन्हा सांगते. टोफासिटिनिबसारख्या गोळ्या बऱ्याच निरोपांच्या आतल्या सामाईक टप्प्यावर काम करतात. त्यात इंटरफेरॉनचे निरोपही मंदावतात, म्हणून नागीण उठण्याचं प्रमाण वाढतं. ॲबॅटासेप्ट म्हणजे तर नियामक पेशींच्या सीटीएलए-४ ची नक्कल. दुसरा संकेत झाकून टाकायची युक्ती आपण त्यांच्याकडूनच उचलली. उलट कर्करोगात हाच सीटीएलए-४ अडवून टी पेशींना मोकळं सोडतात. त्यासाठी आणि पीडी-१ या दुसऱ्या आवरासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. त्या औषधांवरचे काही रुग्ण आमच्याकडे येतात ते सुजलेले सांधे घेऊनच.

आणि जागा बदलली की निरोपाचा अर्थ बदलतो याचे सगळ्यात विचित्र पुरावे टीएनएफच्याच खात्यात आहेत. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जातंतूंच्या आजारातही टीएनएफ अडवून बघितला गेला, तिथे आजाराचे झटके वाढले. तो आजार असलेल्या माणसाला आम्ही ही इंजेक्शनं देत नाही. सोरायसिस या त्वचेच्या आजारावर ही औषधं उत्तम चालतात, पण क्वचित एखाद्या आमवाताच्या रुग्णाला याच इंजेक्शनावर नव्याने सोरायसिस उमटतो. टीएनएफ एका प्रकारच्या डेन्ड्रिटिक पेशींना इंटरफेरॉन-अल्फा सोडण्यापासून आवरत असतो, तो आवर गेला की त्या मोकाट सुटतात. इंटरल्यूकिन-१७ अडवणारी इंजेक्शनं सोरायसिसमध्ये आणि पाठीच्या कण्याच्या अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसमध्ये छान काम करतात, आमवातात मात्र फारशी नाहीत. बाहेरून दोघांचे सांधे सारखेच सुजलेले दिसतील, आत बोलणं वेगळं चाललेलं असतं. म्हणून 'माझ्या मेहुण्याला या सुईने फरक पडला, आईलाही तीच द्या' या आग्रहाला आम्ही बधत नाही.

स्टेरॉइडबद्दल थोडक्यात. ते एकच निरोप अडवत नाही, एकदम बरेच निरोप दाबतं. १९४८ मध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन दिलं तेव्हा अंथरुणाला खिळलेली बाई काही दिवसांत चालायला लागली. १९५० साली नोबेलही मिळालं, आणि दुष्परिणामही लगेच कळले. कोविडमध्ये डेक्सामेथासोनने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी केले. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांना मात्र काही फायदा झाला नाही. पहिल्या दिवसांत विषाणू रोखायला हे निरोप लागतात, नंतर तेच निरोप फुप्फुस जाळतात. आणि २०२१ च्या लाटेत मधुमेह असलेल्या, स्टेरॉइड भरपूर दिलेल्या रुग्णांना म्युकरमायकोसिसने काय केलं ते महाराष्ट्रातल्या घराघराला माहीत आहे.

आता गुळवेल. मला माहीत आहे की हा काढा आपल्याकडे श्रद्धेने घेतला जातो, आणि आईंच्या मनात त्याला आधाराची जागा असेल. पण 'इम्युनिटी वाढवणारं' काही घ्यायचं तर माझा पहिला प्रश्न असतो: कोणत्या पेशीचं काय वाढवणार? आईंच्या सांध्यात काही निरोप आधीच नको तेवढे वाढलेत. सरसकट चेतवणं किती महागात पडू शकतं ते २००६ मध्ये लंडनमधल्या एका औषधचाचणीत दिसलं. टी पेशींना थेट चेतवणारं टीजीएन-१४१२ हे प्रतिपिंड सहा निरोगी तरुणांना दिलं गेलं. प्राण्यांमधल्या प्रयोगांवरून त्याने नियामक पेशी वाढतील अशी आशा होती. माणसांत सगळ्याच टी पेशी पेटल्या आणि काही तासांत सहाही जण अतिदक्षता विभागात गेले. सगळे वाचले, पण थोडक्यात. काढा म्हणजे असं औषध नव्हे, हे मान्य. पण २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांमध्ये यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. त्या इजेचं रूप स्वप्रतिरोधी आजारासारखं होतं आणि त्यातल्या काही जणांना आधीपासून एखादा स्वप्रतिरोधी आजार होता. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वनस्पती नेमकी तीच होती याची खातरजमा झाली नव्हती असं त्यांचं म्हणणं. हा वाद इथे मिटणार नाही. पण आईंना आमवात आहे, मेथोट्रेक्सेट चालू आहे, आणि टीबी प्रतिबंधक गोळ्या लागल्या तर त्यांचाही भार यकृतावरच पडणार आहे. या परिस्थितीत मी माझ्या रुग्णांना काढा बंद करायला सांगते. बंद करायला राजी नसतील तर निदान डॉक्टरांपासून लपवू नका, एवढं तरी.

तपासण्यांचं आता सोपं वाटेल, कारण दोन्ही चाचण्या वर सांगितलेला संवादच मोजतात. मॅन्टूमध्ये हाताच्या त्वचेत जंतूची प्रथिनं टोचतात. टीबीला ओळखणाऱ्या टी पेशी असतील तर त्या तिथे येऊन मॅक्रोफेजना बोलावतात आणि ४८ ते ७२ तासांत कडक गाठ येते. लाली मोजायची नसते, कडकपणा मोजायचा असतो. इग्रा ही रक्ताची चाचणी. नळीत टीबीची प्रथिनं घालून टी पेशी इंटरफेरॉन-गॅमा सोडतात का ते बघतात. लहानपणीच्या बीसीजीमुळे मॅन्टू कधी उगाच पॉझिटिव्ह येते, इग्राला तो त्रास नाही. पण आई स्टेरॉइडवर असतील तर दोन्ही चाचण्या खोट्या निगेटिव्ह येऊ शकतात, कारण ज्यांचं बोलणं मोजायचं त्यांचाच आवाज औषधाने बसलेला असतो. म्हणून निगेटिव्ह रिपोर्टवर कोणी विसंबून राहत नाही. एक्स-रे, पूर्वीचा इतिहास आणि घरातला संपर्क यांना तितकंच वजन असतं. आणि पॉझिटिव्ह म्हणजे 'टीबी झालाय' असं नाही, हे आईंना आधीच सांगून ठेवा. नाहीतर रिपोर्ट हातात आल्यावर घरात रडारड होते.

चाचणी पॉझिटिव्ह आली आणि चालू टीबी नाही अशी खात्री झाली तर सहसा आधी प्रतिबंधक औषध सुरू करतात: आयसोनियाझिड सहा महिने रोज, किंवा रायफापेन्टिनसोबत आठवड्यातून एकदा असे बारा डोस. साधारण महिनाभराने इंजेक्शन सुरू होतं. यकृताच्या चाचण्या मध्ये मध्ये होतातच. टीएनएफच्याच घराण्यात एटानरसेप्टला टीबीचा धोका इन्फ्लिक्सिमॅब आणि ॲडालिमुमॅबपेक्षा कमी दिसलेला आहे, आणि घरात टीबीचा इतिहास असेल तर पूर्ण वेगळ्या निरोपावरचं औषध निवडण्याचाही पर्याय असतो. हे सगळं डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा: 'टीएनएफच का, आणि आईसाठी दुसरं काय बसेल?' चांगला डॉक्टर या प्रश्नाने चिडत नाही. मेथोट्रेक्सेट बहुधा चालूच राहील. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज नाही, हे गोळ्यांच्या डबीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. रोज घेतल्याने जिवावर बेतलेले रुग्ण दरवर्षी येतात.

लशींचं इंजेक्शनच्या आधीच उरकून घ्या: फ्लूची, न्यूमोकॉकसची, आणि परवडत असेल तर नागिणीची नवी, जिवंत विषाणू नसलेली लस. जिवंत विषाणू असलेल्या लशी इंजेक्शन सुरू झाल्यावर चालत नाहीत.

इंजेक्शन सुरू झाल्यावर नुसत्या खोकल्याची वाट बघू नका, कारण या औषधांवरचा टीबी बऱ्याचदा फुप्फुसाबाहेर असतो. संध्याकाळी चढणारा ताप, रात्री कपडे भिजवणारा घाम, मानेत किंवा काखेत गाठ, कारण नसताना उतरलेलं वजन, पोट फुगणं, न थांबणारी डोकेदुखी, यातलं काहीही दिसलं तर पुढची सुई फ्रिजमध्येच राहू द्या आणि आधी डॉक्टरांना फोन करा. एखादा डोस आठवडाभर पुढे गेला तर सांधे थोडे कुरकुरतील, त्याने फार बिघडत नाही. ताप अंगावर काढून घेतलेला डोस मात्र महागात पडू शकतो.